जिवंत कॅप काढताना

छर्रे नाहीत, दारू नाही, तोंड उघडे आहे आणि आत बोट घातले की पितळेचा थंड तळ लागतो. असे काडतुसाचे कवच हाती आले की बहुतेक माणसे ते रिकामे समजतात. परंतु त्याच्या बुडाशी मधोमध बसवलेली कॅप, म्हणजेच पेटवण करणारी छोटी टोपी, वापरलेली नसेल, तर ते कवच रिकामे नसते. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीतून निघालेल्या पितळी कवचांतील अशा जिवंत कॅप सोलापुरातील एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या कारखान्यात कशा निकामी केल्या गेल्या, ते मी जवळ उभे राहून पाहिले आहे. जुन्या बंदुका वारशाने आलेली घरे आपल्या जिल्ह्यात अनेक आहेत आणि त्यांतील कित्येकांच्या माळ्यावर अशी एखादी पेटी असणे अगदी शक्य आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहून ठेवीत आहे.

आमचे गाव उत्तर सोलापूर तालुक्यात आहे. आजोबांकडे बाराबोअरची जोडनळी बंदूक होती. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यांनी शिकार सोडली. पुढे नान्नजच्या माळावर माळढोकासाठी अभयारण्य झाले, तेव्हा ‘योग्यच झाले’ असे म्हणणाऱ्या जुन्या शिकाऱ्यांपैकी ते एक होते. मात्र बंदूक त्यांनी ठेवली. मालदांडी ज्वारी हुरड्यात आली की पाखरांचे थवे उतरत, मळ्यातल्या माचाणावरून गोफणी फिरत आणि गोफणीला दाद न देणाऱ्या थव्यांसाठी आजोबा नुसता दारूचा बार काढीत. त्या काळी खेड्यापाड्यांतील परवानाधारक पितळी कवचे पुन्हापुन्हा भरून वापरीत असत, कारण कागदी कवच एकदोन बारांत फुगून निकामी होते आणि पितळी कवच वर्षानुवर्षे टिकते. हंगामापूर्वी आजोबा कवचांत कॅप बसवून ठेवीत आणि दारू मात्र लागेल तेव्हाच भरीत. त्यामुळे त्यांच्या पश्चात पेटीत जे उरले, त्यात पूर्ण भरलेली काडतुसे थोडी होती आणि नुसती कॅप बसवलेली कवचे बरीच होती. त्यांच्याबरोबर फेल्टच्या आणि पुठ्ठ्याच्या चकत्या, दारू मोजण्याचे माप, एक लाकडी दांडा आणि कॅप काढण्याचे त्यांचे हत्यार होते. हत्यार म्हणजे मधोमध भोक असलेली लोखंडी बैठक आणि हातोडीने ठोकायची पोलादी सळई.

आजोबांनंतर परवाना काकांच्या नावे झाला आणि काकांचे निधन झाल्यावर प्रश्न माझ्याकडे आला. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २१ नुसार, ज्याच्या ताब्यात शस्त्र वा दारूगोळा आहे त्याचा तो ताबा परवानाधारकाच्या मृत्यूमुळे किंवा अन्य कारणाने कायदेशीर राहिला नाही, तर विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे तो ऐवज जमा करावा लागतो. बंदूक जमा करायची हे बहुतेकांना ठाऊक असते. पेटीचे काय करायचे हे मात्र कुणी विचारीत नाही. त्याच कायद्यातील व्याख्या वाचली, तर दारूगोळ्याचे सुटे भाग आणि केंद्र सरकारने अधिसूचित केलेले त्याचे घटकही दारूगोळ्यातच मोडतात असे दिसते. कॅप बसवलेले कवच हा त्यातला सरळसरळ भाग आहे. म्हणून तालुक्याच्या पोलीस ठाण्यात अर्ज देताना मी बंदुकीबरोबर पेटीतील प्रत्येक वस्तूची यादी जोडली. ठाण्यातील हवालदारसाहेबांनी ती यादी पंचनाम्यात जशीच्या तशी घेतली आणि पेटी हलवण्याची जबाबदारी आमच्यावर टाकली नाही, याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. अशी पेटी पिशवीत घालून एसटीने शहरात नेण्याचा विचारही कुणी करू नये.

वारसाच्या नावे परवाना होण्याची प्रक्रिया हा वेगळा विषय आहे, तेव्हा तो थोडक्यात सांगतो. शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. ग्रामीण भागासाठी अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, पोलिसांचा चौकशी अहवाल येतो, इतर वारसांच्या ना-हरकती लागतात आणि मृत्यूचा दाखला व मूळ परवाना द्यावा लागतो. आमच्या बाबतीत सर्वांत उपयोगी पडले ते काकांनी जपून ठेवलेले निवडणुकीच्या काळातील शस्त्र जमा केल्याच्या पावत्यांचे बाड. दर आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा झाली आणि परत घेतली गेली, हे त्या पावत्यांवरून स्पष्ट दिसत होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. परवाना माझ्या नावावर होईपर्यंत बंदूक आणि पेटी शहरातील विक्रेत्याकडे जमा होती आणि तिथेच आमची गाठ त्यांच्या कारखान्यात बंदुका दुरुस्त करणाऱ्या वृद्ध मिस्त्रींशी पडली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी निवृत्त विज्ञान शिक्षक आहे हे कळल्यापासून ते मला गुरुजी म्हणू लागले.

माझी इच्छा एवढीच होती की आजोबांची पितळी कवचे घरात आठवण म्हणून ठेवता यावीत. कॅप वापरली गेलेले किंवा कॅपच नसलेले सुटे कवच, इतर पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसेल, तर कलम ४५ मधील किरकोळ भागांच्या सवलतीत बसते. जिवंत कॅप असलेल्या कवचाबद्दल असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी नातवंडांच्या हाती पडू शकेल अशा जागी ते ठेवणे मला मान्य नव्हते. परवाना हातात आल्यावर मी विक्रेत्याला लेखी विनंती केली की भरलेली काडतुसे नष्ट करण्यासाठी पोलिसांकडे सोपवावीत आणि नुसत्या कॅपची कवचे, शक्य असतील तेवढी, निकामी करून द्यावीत. विक्रेत्याच्या परवान्यात दुरुस्ती आणि चाचणी या दोन्हींचा समावेश होता, म्हणूनच हे काम तिथे होऊ शकले. घरी बसून करण्याचे हे काम नाही.

काम सुरू करण्याआधी चाचांनी कॅप म्हणजे काय हे मला समजावून दिले आणि त्यातील रसायनशास्त्र मी त्यांना सांगितले, अशी आमची देवाणघेवाण झाली. कॅप म्हणजे मऊ धातूची लहानशी वाटी. तिच्या तळाशी आघाताने पेट घेणाऱ्या मिश्रणाचा पातळ थर असतो. वजनाने तो साधारण २० ते ४० मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीत धरता येणार नाही इतका. त्या थरासमोर ऐरणीसारखा एक टोकदार भाग असतो. बंदुकीची सुई वाटीच्या पाठीवर आपटली की थर वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडला जातो, भडका उडतो आणि कवचाच्या तळातील छिद्रातून ज्योत दारूपर्यंत पोहोचते. आघाताने पेटवण्याची ही कल्पना स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या एका पाद्र्याची. त्याने १८०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. जुन्या मिश्रणांत पाऱ्याचे फल्मिनेट आणि पोटॅशियम क्लोरेट असे, नंतर लेड स्टिफ्नेट, बेरियम नायट्रेट, अँटिमनी सल्फाइड अशी संयुगे आली. मिश्रण कोणतेही असो, झटका, चिमटा, ठिणगी आणि उष्णता यांना प्रतिसाद देणे हेच त्याचे काम आहे आणि पन्नास वर्षांनीही ते आपले काम विसरलेले असेल याची खात्री देता येत नाही.

यानंतर कवचांची विभागणी झाली आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चाचांनी प्रत्येक कवच विजेरीच्या उजेडात आतून पाहिले. काही कवचांच्या तळाला मध्यभागी एकच छिद्र होते. काहींना मध्ये उंचवटा आणि त्याच्या दोन बाजूंना दोन बारीक छिद्रे होती. एका छिद्राची रचना बॉक्सर पद्धतीची, तिच्यात ऐरण कॅपच्या आत असते. दोन छिद्रांची रचना बर्डन पद्धतीची, तिच्यात ऐरण हा कवचाचाच भाग असतो आणि कॅप म्हणजे नुसती वाटी असते. दोन्ही पद्धती १८६६ सालच्या. एडवर्ड बॉक्सर हा इंग्रज आणि हायरम बर्डन हा अमेरिकी. तरीही अमेरिकेत बॉक्सरची पद्धत रुजली आणि युरोपात दीर्घकाळ बर्डनची चालली, ही इतिहासातली एक गमतीची उलटापालट आहे. कामाच्या दृष्टीने फरक असा की बॉक्सर कवचात आतून सरळ सळई घालून कॅप बाहेर ढकलता येते. बर्डन कवचात मधोमध छिद्रच नसल्यामुळे सळई घातली तर ती उंचवट्यावर अडते, वाकते किंवा तुटते. वापरलेली बर्डन कॅप बाहेरून आकडीने टोचून उपटण्याची रीत आहे, पण जिवंत कॅपच्या बाबतीत ती रीत म्हणजे वाटी भोसकून मिश्रणाला स्वतः डिवचणेच होय. चाचांनी दोन छिद्रांची कवचे वेगळ्या ट्रेमध्ये ठेवली आणि सांगितले, “गुरुजी, ह्यांना हत्यार लावायचं नाही.”

काही कवचांच्या आतल्या कडेला काळ्या दारूचे खडे चिकटलेले दिसले. काळ्या दारूतील सोरा पाण्यात विरघळतो, म्हणून ती कवचे आधी कोमट पाण्याने धुऊन दारू पूर्णपणे काढून टाकली गेली. आधुनिक, बिनधुराच्या दारूला हा उपाय लागू पडत नाही, कारण ती पाण्याने विरघळत नाही आणि वाळल्यावर पूर्ववत जळते. धुताना कॅपही भिजली असणार, मग ती मेली असे का धरू नये, असे माझ्या आत्येभावाने विचारले. हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकला आहे आणि कॅप तेलात बुडवून ठेवली की काम झाले, असा सल्लाही ऐकला आहे. वस्तुस्थिती अशी आहे की मिश्रणावर बहुधा लाखेचा वा कागदी चकतीचा थर असतो, तेल किंवा पाणी आत शिरेलच असे नाही, आणि भिजलेले मिश्रण वाळल्यावर पुन्हा पेटू शकते. भिजवणे ही जास्तीची खबरदारी होऊ शकते, खात्री होऊ शकत नाही. चाचांच्या कारखान्यात भिजलेली कॅप आणि कोरडी कॅप यांना एकच वागणूक होती.

मग चाचांनी कामाचा क्रम ठरवला आणि त्या क्रमामागचा विचार मला फार पटला. जे कवच बंदुकीच्या नळीत नीट बसते, त्याची कॅप काढायचीच नाही. रिकामे कवच बंदुकीत घालून चाप ओढायचा आणि कॅप तिच्या ठरलेल्या जागी, पोलादी नळीच्या आत उडू द्यायची. जिवंत कॅपचे सगळे भय ती जिवंत असण्यात आहे; ती उडाली की उरते ती पितळेची निरुपद्रवी वाटी. ढकलून काढण्याची वेळ फक्त अशा कवचांवर यावी, ज्यांचे तोंड चेपले आहे किंवा कडा वाकली आहे आणि जी नळीत बसत नाहीत. त्यातही एका छिद्राची असतील तरच. आणि जी नळीतही बसत नाहीत व ज्यांना दोन छिद्रे आहेत, त्यांना हात न लावता पोलिसांकडच्या ढिगात ठेवायचे.

कारखान्याच्या मागच्या बाजूला चाचणीसाठी वाळूने भरलेली, जाड लाकडी फळ्यांची पेटी होती. नळीचे तोंड त्या वाळूकडे, आजूबाजूला कुणी नाही, पुढे कुणी नाही, कानांवर मफ आणि डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचे चष्मे, अशी तयारी झाली. प्रत्येक वेळी नळी आरपार पाहून मोकळी असल्याची खात्री केली जात होती. छर्रा नाही, दारू नाही, तरी कॅपचा आवाज बंद जागेत कानठळ्या बसवणारा असतो. नळीच्या तोंडातून बाहेर पडणारी ज्योत आणि धुराचा झोत पाहिल्यावर एवढ्याशा मिश्रणाबद्दलची माझी कल्पनाच बदलली. बहुतेक जुन्या कॅप पहिल्याच आघाताला उडाल्या. कुठली उडाली नाही, की चाचा बंदूक वाळूकडेच धरून काही वेळ तशीच थांबत, कारण आघातानंतर क्षणभर उशिरा पेटणारी कॅप ही कल्पना नाही, प्रत्यक्षात घडणारी गोष्ट आहे. त्यांच्या अंदाजाने पुरेसा, निदान मिनिटभर वेळ गेल्यावरच ते बंदूक उघडीत आणि न उडालेले कवच वेगळ्या डब्यात ठेवीत. अशा कॅपवर सुईचा खड्डा पडलेला असतो, मिश्रणाचा थर कदाचित तडकलेला असतो. म्हणून ती कोऱ्या कॅपपेक्षाही अधिक संशयाने वागवायची, असे त्यांचे म्हणणे होते.

इथे एक बारीकशी गोष्ट पाहायला मिळाली. भरलेले काडतूस उडते तेव्हा दारूचा दाब कवचाला मागे रेटतो आणि कॅप तिच्या जागी दाबली जाते. नुसती कॅप उडवली, तर कवच मागे रेटले जात नाही आणि कॅपच आपल्या घरातून केसभर बाहेर सरकते. त्यामुळे बंदूक उघडताना ती अडते. न जाणणारा माणूस इथे झटका देऊन बंदूक उघडू पाहील. चाचा नळी हळूहळू खाली दाबीत आणि बाहेर आलेली कॅप घासत घासत सुटे. उडालेल्या कॅप नंतर नेहमीच्या पद्धतीने काढल्या गेल्या. त्यात सांगण्यासारखे काही नाही.

उरली ती चेपलेल्या तोंडाची, एका छिद्राची कवचे. आत्येभावाने आजोबांची बैठक आणि सळई पुढे केली. आजोबा याच हत्याराने कॅप काढीत हे आम्ही दोघांनीही लहानपणी पाहिले होते. चाचांनी ते हत्यार हातात घेऊन कौतुकाने पाहिले, परंतु वापरायला ठाम नकार दिला. ते हत्यार उडालेल्या कॅपसाठी आहे. हातोडीचा घाव हा क्षणार्धाचा आघात असतो आणि क्षणार्धाच्या आघातालाच कॅप उत्तर देते. बंदुकीची सुई याहून वेगळे काही करीत नाही. शिवाय आतून ढकलताना सळईचे टोक ऐरणीवर टेकते, ऐरण मिश्रणावर दाबली जाते, म्हणजे मिश्रण ज्या दोन भागांमध्ये चिरडले जाणे अपेक्षित आहे, त्याच दोन भागांमध्ये आपण ते दाबीत असतो. वाचवतो तो फक्त कमी वेग. तेवढीच ताकद सावकाश, न थांबता आणि न धक्का देता लावली, तर वाटी आणि ऐरण एकत्रच घरातून सरकतात. हे कारण समजल्यावर पुढची सगळी मांडणी आपोआप समजते.

टेबलाला बोल्टने घट्ट बसवलेले हातप्रेस होते, ज्याचा दांडा खाली घेतला की सळई सरळ रेषेत कवचात उतरते. सळईचे टोक सपाट घासलेले आणि छिद्रापेक्षा बारीक होते. टोकदार सळई मिश्रणात रुतू शकते, म्हणून ती चालत नाही. टेबलावरून बाकी सगळे हलवले होते. दारूचा कणही आसपास नव्हता, दुसरे एकही जिवंत कवच हाताच्या अंतरात नव्हते, ते सगळे दुसऱ्या खोलीत झाकून ठेवले होते. कवचाखाली जाड पोलादाचा पेला होता आणि त्यात थोडे तेल. हे तेल कॅप मारण्यासाठी नव्हते. पडलेली कॅप आपटू नये आणि घरंगळू नये एवढ्यासाठी होते. प्रेस आणि चाचांचा चेहरा यांच्यामध्ये पॉलिकार्बोनेटचा जाड तक्ता उभा केला होता. हात कॅपच्या रेषेत कधीच येत नव्हता, मान बाजूला होती, अंगात सुती कपडे आणि वर चामड्याचा एप्रन होता. नायलॉनच्या कपड्यांवरची स्थिर वीज कोरड्या हवेत ठिणगी देते आणि सोलापूरची हवा वर्षातील बराच काळ कोरडीच असते, म्हणून आम्हालाही आत येताना सुती कपडेच घालून यायला सांगितले होते.

चाचा दांडा इतका सावकाश खाली घेत की पाहणाऱ्याला तो हलतो आहे हे कळू नये. मग एक अगदी हलकी ‘टक’ होई आणि कॅप तेलात पडे. प्रत्येक कॅपनंतर पेला रिकामा होई; काढलेली कॅप लांब ठेवलेल्या, झाकणाच्या रुंद डब्यात, तेलाने भिजवलेल्या फडक्यावर एकेकटी ठेवली जाई. या एका शिस्तीबद्दल अधिक लिहायला हवे. एका कॅपमधील मिश्रण थोडे असते, पण काढलेल्या कॅप एकाच बाटलीत भरून ठेवल्या, तर एक पेटल्यावर बाकीच्या एकत्र पेटतात आणि काचेची वा धातूची घट्ट बाटली मग स्वतःच घातक बनते. कारखान्यातून येणाऱ्या नव्या कॅप खोक्यात एकेका खणात, एकमेकींपासून अंतर राखून बसवलेल्या असतात, ते याच कारणासाठी. कॅप जुन्या असोत वा नव्या, त्या एका डब्यात ओतून ठेवणे ही मला या सगळ्या विषयातील सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज घडणारी बेपर्वाई वाटते.

दुपारनंतर एका कवचापाशी काम अडले. कॅपच्या कडेला हिरवट गंज चढला होता आणि दांड्यावर नेहमीचा भार देऊनही कॅप हलेना. आत्येभाऊ म्हणाला, “चाचा, थोडा जोर द्या की, बाकीच्या आल्याच ना.” चाचांनी दांडा वर घेतला, कवच काढले आणि न उडालेल्यांच्या डब्यात ठेवून दिले. अडलेल्या कॅपवर ताकद वाढवत नेली, तर ती सुटते तेव्हा एकदम सुटते, आणि तो एकदम सुटण्याचा क्षण म्हणजेच झटका. गरम करून सैल करणे, ड्रिल लावणे, शिकंज्यात पकडून पिळणे हे उपाय कुणी सुचवले, तर त्या माणसाला तिथून दूर पाठवावे, असे ते म्हणाले आणि त्यांचे शब्द मी सौम्य करून लिहितो आहे. त्या दिवशी प्रेसखाली एकही कॅप उडाली नाही. ती उडाली असती, तरी पेला, तक्ता आणि बाजूला ठेवलेली मान यांमुळे कुणाला इजा होऊ नये अशीच मांडणी होती. मांडणीची कसोटी लागली नाही, म्हणून ती अनावश्यक होती असे मी म्हणणार नाही.

निघालेल्या कॅप पुन्हा वापरता येतात का, असा प्रश्न काडतुसे भरणाऱ्यांच्या देशांत हमखास विचारला जातो. काटकसरीचे लोक त्या सरावाच्या काडतुसांसाठी राखून ठेवतात, परंतु ढकलताना ऐरण जागची हललेली असू शकते आणि मग कॅप उडण्याचा भरवसा राहत नाही. आमच्या बाबतीत हा प्रश्नच नव्हता. काढलेल्या कॅप, न उडालेली कवचे, अडलेले कवच, दोन छिद्रांची चेपलेली कवचे आणि आजोबांच्या हातची भरलेली काडतुसे असा सगळा ऐवज विक्रेत्याच्या नोंदवहीत लिहून, पोलिसांना कळवून, बॉम्बशोधक व नाशक पथकामार्फत नष्ट होण्यासाठी सोपवला गेला. भरलेली काडतुसे उघडून त्यातील दारू-छर्रे काढावेत असा विचार कुणी बोलूनही दाखवला नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची धग वर्षानुवर्षे सोसलेल्या, आत काय भरले आहे याची लेखी नोंद नसलेल्या काडतुसाशी खेळण्याचे कारणच नव्हते.

निकामी झालेली कवचे हातात घेतली तेव्हा चाचांनी आम्हाला आधी हात धुवायला पाठवले. कॅपच्या धुरात आणि काजळीत शिशाचे, जुन्यांत पाऱ्याचेही, अंश असतात. त्यामुळे त्या दिवशी कारखान्यात चहा आला नव्हता, तो बाहेर ओट्यावर, साबणाने हात धुतल्यानंतर मिळाला. पाऱ्याच्या कॅप वापरलेले पितळ कालांतराने ठिसूळ होते, म्हणून ती कवचे पुन्हा भरण्याच्या योग्यतेची नाहीत, हेही त्यांनी विक्रेत्याला पावतीवर लिहायला लावले. ‘कॅपविरहित, निकामी, केवळ स्मरणार्थ’ अशी नोंद असलेली ती पावती मी परवान्याच्या प्रतीसोबत ठेवतो आणि कवचांच्या डब्यातही तिची एक छायाप्रत ठेवली आहे, कारण माझ्यानंतर ती पेटी उघडणाऱ्याला हे सगळे तोंडी सांगायला मी नसेन.

बंदुकीचे काम मात्र संपले नव्हते. पोटॅशियम क्लोरेट असलेली जुनी कॅप उडाली की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरते. ते मिठाचेच भावंड आहे. हवेतील ओलावा ओढून घेते आणि पोलाद आतून खाते. नुसत्या तेलाने ते निघत नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. म्हणून संध्याकाळीच दोन्ही नळ्यांतून उकळते पाणी ओतून, त्या उष्णतेनेच सुकू देऊन, कोरड्या चिंध्या फिरवून मग तेलाचा हात दिला गेला. पाऊस तोंडावर आला होता, त्यामुळे काही दिवसांनी पुन्हा चिंधी फिरवून पाहा, असे चाचांनी बजावले होते. त्याप्रमाणे पाहिले तेव्हा उजव्या नळीची चिंधी स्वच्छ निघाली, डाव्या नळीच्या चिंधीवर तांबूस डाग आला. ती नळी पुन्हा उकळत्या पाण्याने धुतली, सुकवली, तेल दिले. त्यानंतरच्या चिंधीवर डाग आला नाही.